झेरॉक्सवाल्याला सुटणार नाही असा प्रश्न

पत्र

नमस्कार सर,
मी चोपडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवी-आठवीला भूगोल आणि विज्ञान शिकवते. ग्रामपंचायतीने वर्गाला स्मार्ट टीव्ही दिलाय, नेट मात्र माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतं. यंदा मुलांना ‘केळी पिकाची माहिती इंटरनेटवरून मिळवा’ असा प्रकल्प दिला. जवळजवळ सगळ्यांचे प्रकल्प शब्दशः सारखे आले. झेरॉक्सच्या दुकानात एकच पान काढून सगळ्यांना विकलं गेलं होतं. काही पानांवर ‘हेही वाचा’ आणि दागिन्यांची जाहिरातसुद्धा छापलेली. ज्यांच्या घरी केळीची बाग आहे त्या मुलांनीही तेच पान चिकटवलं. मुख्याध्यापकांना ग्रुपवर टाकायला फोटो हवेत आणि पालक विचारतात, शाळेतही मोबाईलच का? इंटरनेट वापरून मुलं खरंच काही शिकतील असा उपक्रम कसा आखायचा?
– एक शिक्षिका

उत्तर

ताई, झेरॉक्सवाल्यावर रागावू नका. तुम्ही ‘माहिती मिळवा’ म्हणालात, त्याने मिळवून दिली, वर दहा-वीस रुपयेही कमावले. मुलांनीही आळस केला असं मला वाटत नाही. तयार उत्तर दोन मिनिटांत मिळत असताना तेच हाताने पुन्हा लिहीत बसणं कुठल्याही शहाण्या मुलाला पटणार नाही. अडचण प्रश्नात होती. ज्याचं उत्तर नेटवर तयार पडलेलं आहे असा प्रश्न नेट वापरायला सांगून विचारला की तीस मुलांकडून एकच पान येणार.

म्हणून उपक्रम आखताना मी एकच कसोटी लावतो. उत्तर काढायला लागणारा माल नेटवर असावा, पण उत्तर नसावं. आणि त्या मालाचा एक तरी हिस्सा असा असावा की तो मुलांना गावातूनच आणावा लागेल. एवढं जमलं की चिकटवाचिकटवी आपोआप थांबते, कारण चिकटवायला काही सापडतच नाही.

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेतल्या सॅन दिएगो स्टेट युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक बर्नी डॉज यांनी १९९५ साली, टॉम मार्च यांच्या सोबतीने, ‘वेबक्वेस्ट’ नावाचा पाठाचा साचा बसवला. तेव्हा गूगलसुद्धा नव्हतं. त्यातली मुख्य गोष्ट अशी की मुलांचा वेळ शोधण्यात जाऊ नये, सापडलेल्याचं काहीतरी करण्यात जावा. शिक्षकाने पानं आधीच निवडून द्यायची, काम काय ते नेमकं सांगायचं आणि गुण कशाला मिळणार तेही सुरुवातीलाच सांगून टाकायचं. पुढे या साच्याचे रकाने भरण्याचाच एक सोहळा झाला, ते सोडून द्या. गाभा मात्र तीस वर्षांनीही पक्का आहे.

आता आलेले ते प्रकल्प. रद्दीत टाकू नका. सोमवारी सगळ्यांच्या हातात तेच छापील पान पुन्हा द्या आणि सांगा, हे पान घेऊन बागेत जा आणि ओळीओळीला खूण करा: आपल्याकडे असंच आहे, आपल्याकडे वेगळं आहे, किंवा कुणाला सांगता आलं नाही. पानावर दोन झाडांमधलं अंतर दिलेलं असेल, ते टेपने मोजून यायचं. लागवडीचे महिने दिलेले असतील. तिथे मृगबागेसोबत (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) आहे का ते बघायचं. पाणी ठिबकने किती वेळ देतात, घड कापायला किती महिने लागतात, पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेलं पुढचं पीक) ठेवतात का, हे बागवाल्याला विचारायचं. पान केरळच्या किंवा तमिळनाडूच्या शिफारशींवरून उचललेलं असेल तर निम्म्या ओळी हलतील. मुलांना पहिल्यांदाच कळेल की छापून आलेलं वाक्य कुठल्या तरी एका जागेबद्दल असतं आणि ती जागा आपली असेलच असं नाही. यासाठी ना टीव्ही लागतो ना हॉटस्पॉट. तरीही इंटरनेट कसं वाचायचं याचा हा पहिला धडा आहे.

मोठा उपक्रम करायचा तर केळीवरच करा, पण भावावर. प्रश्न असा ठेवा: आपल्या शिवारातल्या केळीला जो भाव मिळतो आणि तीच केळी दिल्लीत ज्या भावाने विकली जाते, त्यांच्यामधले पैसे कुठे जातात?

याचं उत्तर कुठल्याही पानावर नाही. माल मात्र भरपूर आहे. केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅगमार्कनेट’ संकेतस्थळावर देशभरातल्या बाजार समित्यांचे भाव रोज येतात: आवक किती, किमान भाव किती, कमाल किती आणि बहुतेक माल कुठल्या भावाने गेला. त्यात दिल्लीची आझादपूर मंडीही आहे. दुसरा आकडा गावातला. व्यापाऱ्याने काल काय भाव लावला, रावेरच्या बाजाराचा जाहीर भाव काय, शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरचा काय, हे तुमच्या पारावर रोजच बोललं जातं. नवती (नव्या लागवडीचं पहिलं पीक), पिलबाग, वापसी (हलक्या प्रतीचा माल) यांचे भाव वेगळे असतात हेही मुलं तुम्हालाच समजावून सांगतील. वेबसाइटवर यातला एकही शब्द सापडणार नाही. तिथे नुसतं ‘केळी’ किंवा भलत्याच जातीचं नाव असेल. मग आपली नवती त्यांच्या कुठल्या रकान्यात धरायची? यावर गटागटांत भांडण होईल. होऊ द्या, त्या भांडणात भूगोल आहे.

पुढचा तिढा एककांचा. मंडीचा भाव क्विंटलला, चोपड्याच्या हातगाडीवरचा डझनाला, मॉलमधला किलोला. डझनाचं वजन किती भरतं? वर्गात तराजू आणा आणि डझनभर केळी तोला; नंतर ती खाऊन टाकता येतात, हा जादा फायदा. घडाचा दांडा वजनात धरतात की वजा करतात, हे व्यापाऱ्याला विचारायचं. कच्ची केळी पिकताना वजन घटतं, ते किती, हे वर्गात आठवडाभर एक फणी टांगून रोज तोललं की समजेल. सातवीच्या गणितातले शेकडेवारी, सरासरी, गुणोत्तर इथे इतक्या सहज येतात की गणिताच्या सरांनाही दोन तासिका द्यायला सांगा.

मग मधला प्रवास. कापणी, डोक्यावरून वाहतूक, ट्रक भरणं, भाडं, टोल, अडत (दलाली), पिकवणी, खराब माल. पूर्वी रावेर-सावद्याहून रेल्वेच्या वाघिणी (मालडबे) भरून केळी दिल्लीला जायची, ती आठवण सांगणारी म्हातारी माणसं तुमच्याकडेही भेटतील. आता बराच माल ट्रकने जातो. रस्त्याचं अंतर नकाशात मिळेल, डिझेलचा दर नेटवर मिळेल, पण ट्रक भरून गेला की परतीचं भाडं कोण देतं हे फक्त ट्रकवालाच सांगेल. एका गटाने फक्त ट्रकवाल्याला गाठायचं. हिशेब शेवटी जुळणार नाही, काही रुपये बेपत्ता राहतील. राहू द्या. ‘इथपर्यंत कळलं, पुढचं कळलं नाही’ असं फळ्यावर लिहिता आलं तर त्या गटाला गुण कापू नका, उलट वाढवा.

एक काळजी मात्र घ्या. ‘तुझ्या वडिलांना काय भाव मिळाला’ असं वर्गात विचारू नका. निम्म्या मुलांच्या घरी बाग नसेल. त्यांचे आईवडील दुसऱ्याच्या बागेत कापणीला जात असतील. कुणाच्या घरी यंदा नुकसान झालेलं असेल. भाव व्यापाऱ्याकडून किंवा पारावरून आणा, घरातून नको. आणि मजुरीचा आकडा हा या हिशेबाचा अर्धा कणा आहे. क्विंटलभर केळी कापून ट्रकपर्यंत न्यायला किती हात लागतात आणि त्यांना किती मिळतं, हे मजुरांच्या मुलांइतकं कुणालाच माहीत नसतं. ज्या मुलाला वर्गात कधी तोंड उघडायला मिळत नाही, त्याच्याकडे इथे सगळ्यात महत्त्वाची माहिती असते. उपक्रम आखताना मी ही गोष्ट मुद्दाम शोधतो.

आता तुमच्या हॉटस्पॉटबद्दल. एक फोन, एक टीव्ही, दुपारी भारनियमन. यावर ‘लाइव्ह सर्च’ असा वर्ग बेतलात तर चाळीस मिनिटांतली पंचवीस गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघण्यात जातील. पानं आदल्या रात्री घरी उघडा, पीडीएफ करून ठेवा. चार-पाच पानं पुरतात, त्याहून जास्त देऊ नका. त्यातली दोन सरकारी असू द्या, एक बातमीचं, एक मुद्दाम कच्चं किंवा जुनं. विकिपीडिया हवा असेल तर ‘किविक्स’ नावाचं मोफत अ‍ॅप आहे. मराठी विकिपीडियाची फाइल एकदा वाय-फायवर उतरवून घेतली की पुढे नेटशिवाय सगळं वाचता येतं. जुना, सिम नसलेला एखादा फोन शिक्षकांकडे पडलेला असतोच, त्याच्यावर टाकून ठेवा.

नेट लागणारा गृहपाठ देऊ नका. घरातला फोन वडिलांसोबत शेतात असतो आणि रात्री तो परत आला की बहिणीआधी भावाच्या हातात जातो. वर्गातही तसंच होतं. पाच जणांच्या गटाला फोन दिलात की तो एका मुलाच्या हातात राहील, मुली मागून डोकावतील आणि शेवटी सुंदर अक्षरात लिहायचं काम त्यांच्या वाट्याला येईल. नियम करा: ज्याने या फेरीत फोन धरला त्याने पुढच्या फेरीत लिहायचं. हे कागदावर किरकोळ दिसतं, वर्षाअखेर फरक मोठा पडतो.

खरं-खोटं ओळखणं हा स्वतंत्र तास करू नका, केळीच्याच हिशेबात ओवा. केळी केमिकलने पिकवतात, खाऊ नका, असा मेसेज गावातल्या प्रत्येक ग्रुपवर कधी ना कधी येऊन गेलेला असतो. मुलांना विचारा, हे खरं की खोटं? दोन्ही बाजूंनी हात वर होतील आणि दोन्ही बाजू थोड्या बरोबर असतील. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत बंदी आहे. त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि त्या पुडीत आर्सेनिक, फॉस्फरस यांचे अंश असू शकतात. इथिलीन वायूला मात्र परवानगी आहे, १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत शंभर भाग), आणि इथिलीन तर केळं पिकताना स्वतःच सोडतं. म्हणजे ‘केमिकल’ या एका शब्दाखाली गुन्हा आणि शास्त्र दोन्ही एकत्र कोंबलेले आहेत. हे मुलांनी एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, पानावर शोधायचं आणि मग जवळच्या पिकवणी केंद्रात फोन लावून विचारायचं, तुम्ही काय वापरता? विज्ञानाची तासिका यात आयतीच मिळते.

शोधायचं कसं, याबद्दल स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांचं एक काम मला फार उपयोगी वाटतं. त्यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि वृत्तपत्रांसाठी तथ्य तपासणारे लोक यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. अभ्यासक आणि विद्यार्थी ते पानच वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले आणि त्यातले बरेच फसले. तथ्य तपासणाऱ्यांनी पान जवळजवळ लगेच सोडलं, बाजूला दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि हे पान चालवणाऱ्याबद्दल इतर लोक काय म्हणतात ते पाहिलं. आपण मुलांना शिकवतो ते नेमकं उलटं: नीट वाच, पुन्हा वाच. नेटवरच्या अनोळखी पानाला आधी पाठ दाखवावी लागते. अमेरिकेत झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसचं एक बनावट पान १९९८ पासून आहे. कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी ते सातवीच्या, नेट सराईतपणे वापरणाऱ्या मुलांना दाखवलं तेव्हा जवळपास सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला. तुमची सातवीही ठेवेल, आणि खरं सांगायचं तर शिक्षकांच्या ग्रुपवर टाकलंत तर तिथेही दोन-चार अंगठे येतील.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आता मेटा एआयही येऊन बसलंय आणि मुलं त्याला मराठीतून विचारतात, तेव्हा झेरॉक्सवाल्याचा धंदाही जाणार. बंदी घालून उपयोग नाही. भावाचा प्रश्न त्यालाही विचारा, सगळ्या वर्गासमोर, टीव्हीवर. तो मोठ्या आत्मविश्वासाने वाहतूक, दलाली, साठवणूक असं गुळगुळीत उत्तर देईल. मग मुलांनी आणलेले आकडे शेजारी मांडा आणि प्रत्येक वाक्याला विचारा: हे याला कुठून कळलं? आपल्या आकड्याशी जुळतं का? त्याला साक्षीदार म्हणून उभं करा, न्यायाधीश म्हणून नको.

गुणांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथेच सगळं बिघडतं. मुखपृष्ठ, सजावट, अक्षर याला शून्य. प्रत्येक गटाची एक ‘कुठून कळलं’ वही असू द्या: आकडा, तो कुणी सांगितला किंवा कुठल्या पानावर होता, ते पान कोण चालवतं, तारीख. अर्धे गुण या वहीला. उरलेले तोंडी: गटातल्या कुणालाही, चिठ्ठी टाकून, एक आकडा विचारायचा आणि तो कसा आला ते सांगायला लावायचं. छापून आणलेला माणूस इथे दुसऱ्या वाक्याला अडतो.

आठवीला यापुढचं काम देता येईल. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे वाक्य तुमच्या त्या छापील पानावर असण्याची दाट शक्यता आहे. त्याने भावात काही फरक पडला का? जुन्या वर्षांचे भावही अ‍ॅगमार्कनेटवर काढता येतात. फक्त मुलांना आधीच बजावा की भाव वर गेला म्हणून तो मानांकनानेच गेला असं म्हणता येत नाही. पाऊस, करपा, निर्यात, शेजारच्या राज्यातलं पीक, दहा कारणं असतात. यात मोठी माणसंसुद्धा घसरतात.

भूगोलासाठी एक. गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची उपग्रहचित्रं सलग पळतात. नर्मदेचा, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-अक्राणी तालुक्यांच्या वरचा काठ उघडा आणि पाणी पसरताना बघा. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाचे दरवाजे २०१७ मध्ये बंद झाले, २०१९ मध्ये ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं. चित्रात निळा रंग वाढतो, घरं दिसत नाहीत. त्या बुडालेल्या गावांतली बरीच माणसं तळोदा-शहाद्याकडच्या पुनर्वसन वसाहतींत राहतात आणि शहादा तुमच्याच अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर आहे. तिथल्या एखाद्या शाळेशी व्हिडिओ कॉल ठरवा. तुमच्या मुलांनी चित्र आधी बघायचं, प्रश्न लिहून ठेवायचे आणि मग तिथल्या मुलांच्या आजी-आजोबांना विचारायचे. पावरी-भिली या आदिवासी बोलींतून उत्तरं आली तर तिथली मुलं दुभाषी होतील. हा एक कॉल झाला तरी नेटचं वर्षभराचं बिल वसूल.

पालकांना सांगा की मोबाईल वर्गात आठवड्यातून एखादा तास येतो, तोही शिक्षकांचा. त्याहून बरं, शेवटच्या दिवशी त्यांनाच बोलवा आणि मुलांना भावाचा हिशेब मांडू द्या. ‘शाळेत मोबाईलच का’ विचारणारा बागवाला आझादपूरचा आकडा बघून पुढच्या बाकावर येऊन बसेल. मुख्याध्यापकांना फोटो द्या, पण तक्त्याचे, तराजूचे, वहीच्या पानाचे. मुलांचे चेहरे आणि नावं आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर फिरवायची गरज नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. केंद्रप्रमुखांनी आग्रह धरला तर कायद्याचं नाव घ्या, ते लवकर पटतं.

सुरुवात श्रावणाच्या आधी आठवडाभर करा. उपासामुळे मागणी वाढते आणि भाव हलतो, तक्त्याला काहीतरी घडताना दिसलं पाहिजे. वर्गाच्या भिंतीवर तीन ओळी: आपला भाव, बऱ्हाणपूर, आझादपूर. रोज परिपाठानंतर एका मुलाने तिन्ही आकडे भरायचे. वेबसाइटवर एखाद्या दिवशी आकडा येणारच नाही. त्या चौकटीत अंदाजाने काही लिहू देऊ नका, ती कोरीच ठेवा आणि त्या दिवशी बाजाराला सुटी होती, पाऊस होता की कुणी नोंदच केली नाही, ते शोधायला एक जोडी पाठवा.